खुराक राहिला, मेहनत गेली: आहार, व्यायाम आणि पुरुषाचं लैंगिक आरोग्य

सातारा-सांगलीकडचा पुरुष दवाखान्यात हा विषय सरळ काढत नाही. आधी कंबरदुखी सांगतो, मग ॲसिडिटी, आणि निघताना दाराशी घुटमळत म्हणतो, "डॉक्टर, जरा अशक्तपणा जाणवतोय." सांगायचं असतं ते वेगळंच. लिंगाला पूर्वीसारखी ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही, किंवा वीर्य फार लवकर पडतं. डॉक्टरपर्यंत पोचण्याआधी गावातला सल्ला घेऊन झालेला असतो: बदाम खा, दूध-तूप वाढव, मटण खा, अमुक पावडर दुधातून घे.

हा सल्ला आला तालमीतून. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, तो हा मुलूख. इथं गावोगावी तालीम होती आणि पैलवानाचा खुराक ही घराची प्रतिष्ठा होती. पण तो खुराक पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या, लाल मातीत घाम जिरवणाऱ्या शरीरासाठी होता. आज मोटारसायकलवरून रानात जाणारा, दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसणारा चाळिशीचा गडी तोच खुराक खातोय. मेहनत गेली, खुराक राहिला. त्या तुपाचं जे होतं ते पोटावर दिसतं, आणि पोटावर दिसतं तेच आत रक्तवाहिन्यांत चाललेलं असतं.

म्हणून या लेखात "ताकद वाढवणारे पदार्थ" सापडणार नाहीत. रक्तवाहिन्या, कंबर आणि झोप यांचं काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी हे कसं चालतं ते

लिंगात हाड नसतं, आणि ताठरता स्नायूंच्या जोरावर येत नाही. आत स्पंजासारख्या दोन लांब नळ्या असतात. मनात इच्छा जागी झाली की मज्जातंतू आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने धमन्या सैल होतात, रक्त भरभर आत शिरतं आणि परत जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. शरीरात नायट्रिक ऑक्साइड असा निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल (व्हायग्रा) ही गोळी त्याच वर्षी बाजारात आली आणि ती याच साखळीवर काम करते.

म्हणजे मामला मुख्यतः रक्तपुरवठ्याचा आहे. लिंगाची धमनी साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाची ३ ते ४ मिलिमीटर. चरबी, साखर, तंबाखू, बीपी या सगळ्यांनी अस्तर खराब होतं ते सगळीकडेच, पण बारीक नळी आधी कुरकुरते. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही: क्षार साचले की मेनलाइन चालू राहते, ड्रीपर आधी बंद पडतात. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत हळूहळू ताठरता कमी होत गेली, तर ती पुष्कळदा हृदयविकाराच्या २ ते ५ वर्षं आधीची सूचना असते. लाजून गप्प बसण्यात हा वेळ फुकट जातो.

दुसरा धागा टेस्टोस्टेरॉनचा. हे संप्रेरक प्रामुख्याने इच्छा जागवतं. पोटाची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातलं एक वितंचक (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. ढेरी वाढली की टेस्टोस्टेरॉन घटतं, आणि ते घटलं की ढेरी आणखी वाढते.

पहिली पायरी: टेप, बीपी, साखर

पावडर आणण्याआधी शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास. पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण ढेरीच्या खाली घालतो, त्यामुळे वीस वर्षं नंबर तोच राहतो.

मग बीपी आणि साखर. तिशीपुढच्या लोकांची ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत होते. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर असेल तर मधुमेह, मधला आकडा म्हणजे उंबरठा. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवतो, म्हणून मधुमेही पुरुषाला ताठरतेचा त्रास इतरांपेक्षा बराच लवकर सुरू होतो. कितीतरी जणांचा मधुमेह याच तक्रारीमुळे उघडकीला येतो. बीपी १४०/९० च्या वर सतत राहत असेल तर उपचार लागतात. कोलेस्टेरॉनची तपासणीही एकदा करून घ्या.

टेस्टोस्टेरॉन सगळ्यांनी तपासायची गरज नाही. इच्छाच कमी झाली असेल, दाढी विरळ होत असेल, सतत थकवा असेल तर करा, आणि सकाळी साधारण ७ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी करा. दिवस चढेल तसा आकडा उतरतो. एकदा कमी आला म्हणून लगेच इंजेक्शन घेऊ नका. दुसऱ्या दिवशीही कमी आला तरच पुढचा विचार.

एक खूण घरच्या घरी कळते. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का? चांगली येत असेल तर नळ आणि पाइप शाबूत आहेत, अडचण बहुतेक मनात आहे: ताण, भीती, मागच्या वेळी जमलं नाही तर आज जमेल का ही धास्ती. नुकतं लग्न झालेल्या पंचविशीच्या पोरांचं हेच असतं. त्यांना बदामाची नाही, धीराची आणि बायकोशी बोलण्याची गरज असते.

दुसरी पायरी: तोंडातली पुडी काढा

आहाराच्या आधी हे, कारण तंबाखू चालू असताना बाकीचं सगळं निम्मं वाया जातं. निकोटीन धमन्या आवळतं आणि अस्तर खराब करतं, म्हणजे वर सांगितलेल्या साखळीच्या बरोबर उलटं काम. "मी बिडी-सिगारेट ओढत नाही, नुसती चुना मळून खातो" हा बचाव इथं चालत नाही. मावा आणि मळलेली तंबाखू यांतूनही निकोटीन रक्तात जातंच. सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो. बडीशेप, भाजलेले ओवा-तीळ, लवंग चालेल. निकोटीनचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो, पण त्याचं प्रमाण डॉक्टरला विचारून ठरवा.

दारूचं गणित फसवं आहे. थोडी घेतली की संकोच जातो, म्हणून वाटतं फायदा झाला. जास्त झाली की ताठरता येत नाही, आणि वर्षानुवर्षं रोज घेतली की यकृत, मज्जातंतू आणि अंडकोष तिन्ही बिघडतात. त्यात ढाब्यावरच्या पार्टीत दारूबरोबर जे तळलेलं पोटात जातं त्याचा हिशेब वेगळाच. "धीर यायला" म्हणून रोज लागत असेल तर आधी तेच डॉक्टरला सांगा.

तिसरी पायरी: ताट

आपल्या भागाचं जुनं ताट वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगावं लागतं. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातली ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक आणि मूठभर शेंगदाणे यात भर घालण्यासारखं थोडंच आहे. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचा लैंगिक आरोग्यावर चांगला परिणाम दिसतो असं संशोधन सांगतं, आणि त्या आहाराचा गाभा म्हणजे भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे, मासे आणि कमी साखर. ऑलिव्ह तेल आणायला धावायची गरज नाही.

इटलीत ताठरतेचा त्रास असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालं, त्यांच्यातल्या जवळपास एक तृतीयांश जणांची ताठरता पूर्ववत झाली. गोळी नाही, चूर्ण नाही. बाकीच्या दोन तृतीयांशांची पूर्ण झाली नाही हेही ध्यानात ठेवा. आहाराने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

रोजच्या जेवणात काय बदलायचं ते बघू.

सुरुवात चहापासून. आपल्याकडे चहा म्हणजे पाक. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. पहिल्या आठवड्यात दोन कप कमी करा, पुढच्या आठवड्यात साखर निम्मी. ऊस पिकवणाऱ्या माणसाला गूळ साखरेपेक्षा वेगळा वाटतो, पण रक्तातल्या साखरेला तो वेगळा वाटत नाही. काकवीचंही तेच. तासगावचे बेदाणे आणि आटपाडीची डाळिंबं चांगलीच, पण बेदाण्यात निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. दहा-पंधरा दाणे ठीक, वाटीभर नको. डाळिंब चावून खा, रस काढू नका.

मग हिरवा पाला. पालक, चाकवत, तांदूळजा, पोकळा, मुळा, बीट यांत नैसर्गिक नायट्रेट भरपूर असतं. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. वर आलेला निरोप्या हाच. म्हणून रोज एक मोठी वाटी पालेभाजी हा या लेखातला सगळ्यात स्वस्त इलाज. भाजी उकळून पाणी फेकू नका, नायट्रेट पाण्याबरोबर जातं. आणि जंतुनाशक माउथवॉशने दिवसातून चारदा गुळण्या करायची सवय असेल तर ती सोडा, कारण ती या जिवाणूंनाच मारते.

प्रथिनांबद्दल गैरसमज दोन्ही टोकांचे. घरात वडील म्हणतात पावडर म्हणजे विष, जिममधला पोरगा दिवसाला तीन डबे हलवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस सामान्य माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावन्न ग्रॅम झाले. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्याला याहून जास्त लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, ग्लासभर दुधात सहा-सात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आठवड्यातून दोनदा त्याची उसळ केली तर प्रथिनं, तंतू आणि जस्त एकदम मिळतं. जस्त फारच कमी पडलं तर टेस्टोस्टेरॉन घटतं हे खरं, पण पुरेसं असताना गोळ्या खाऊन ते वाढत नाही.

मटणाचा रस्सा आठवड्यातून एकदा खा की. तर्री मात्र बाजूला काढा, भातापेक्षा भाकरी घ्या आणि सोबत कांदा-काकडी-मुळा ताटभर. इतर दिवशी कोंबडी, अंडी, मिळाले तर मासे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे आणि भजी रक्तवाहिन्यांना खरोखर वाईट. सांगलीचं भडंग मला स्वतःला फार आवडतं, म्हणून सांगतो: वाटीत काढून खा, पिशवीतून खाऊ नका. तेल घाण्याचं असो की रिफाइंड, मोजून वापरा. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन-अडीच किलो पुरे. तूप रोज एक चमचा, भाकरीवर. मीठ सगळं मिळून दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. ठेचा, लोणचं आणि पापड एकाच ताटात असले की ते ओलांडलंच समजा.

रात्रीचं जेवण आठच्या सुमारास आणि हलकं. भरल्या पोटी संबंध ठेवायला गेलं तर शरीराचं लक्ष पचनाकडे असतं, आणि ताठरतेची गोळी घेत असाल तर तीही उशिरा लागू पडते.

वजनाबद्दल: एकदम वीस किलो उतरवायचे नाहीत. नव्वद किलोच्या माणसाने सहा महिन्यांत आठ-नऊ किलो कमी केले तरी साखर, बीपी आणि ताठरता तिन्हींत फरक दिसायला लागतो. उपासमार करू नका. पैलवान वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडतात तसं अचानक वजन पाडलं तर टेस्टोस्टेरॉन उलट खाली जातं.

चौथी पायरी: चालणं, दम लागेपर्यंत

ताठरतेसाठी सगळ्यात जास्त पुरावा कशाचा असेल तर तो दम लागणाऱ्या व्यायामाचा. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली काढलेला निष्कर्ष असा: आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी ४० मिनिटं, मध्यम ते जोरकस व्यायाम, सहा महिने. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका.

"मी तर दिवसभर रानातच असतो" असं पुष्कळ जण सांगतात. रानात असणं आणि रानात राबणं यात फरक आहे. गाडी बांधावर, नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी ब्लोअरने, आणि भांगलण करतात बायका. ज्या कामात पंधरा-वीस मिनिटं सलग दम लागतो तेवढंच मोजा.

पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं सपाटीवर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंचवीस. दुसऱ्या महिन्यात चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्या महिन्यात चढ घ्या. सातारकरांना ही सोय देवाने दिली आहे: अजिंक्यतारा आहे, यवतेश्वरचा घाट आहे. सांगली शहर सपाट, तिथं आमराईच्या फेऱ्या किंवा कृष्णेचा घाट. सुट्टीच्या दिवशी मिरजेच्या पुढे दंडोबाचा डोंगर. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे फोटो बघून कोणी सोफ्यावरून थेट २१ किलोमीटरला उतरू नये, तिला वर्षभराची तयारी लागते. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा वाजवीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथंच थांबा आणि ईसीजी काढून घ्या. पन्नाशीपुढे, मधुमेह किंवा बीपी असेल तर डॉक्टरला विचारूनच चढाला हात घाला.

सायकल उत्तम, एक काळजी घेऊन. अरुंद, कडक सीटमुळे अंडकोषाच्या मागच्या भागातल्या नसा आणि धमन्या दबतात. सीट मधे खाचेची आणि पुरेशी रुंद घ्या, नाक किंचित खाली ठेवा, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहा. खाली बधिरपणा जाणवला तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पाचवी पायरी: जोर-बैठका, पण बेताने

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. बैठका सगळ्यात उपयोगी, कारण मांड्या आणि नितंब हे शरीरातले मोठे स्नायू, आणि रक्तातली साखर खेचून घ्यायचं काम तेच करतात. बैठकांनी टेस्टोस्टेरॉन झटक्यात वाढतं ही जिममधली थाप. ती वाढ तासाभरात ओसरते. खरा फायदा साखर आणि चरबीतून येतो.

गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात. दहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा दहा, असे तीन फेरे. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग कट्ट्याला, मग जमिनीवर. दम रोखून जोर लावू नका, बीपी एकदम चढतं. जुन्या पैलवानाने पन्नाशीत उठून पहिल्याच दिवशी दोनशे सपाट्या मारायचा हट्ट करू नये. तालमीची आठवण ताजी असते, खांदे तेवढे ताजे नसतात.

सहावी पायरी: कोणाला न दिसणारा व्यायाम

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात. रक्त लिंगात कोंडून ठेवणं आणि वीर्य बाहेर टाकणं, दोन्हीत त्यांचा हात. योगातला मूलबंध ज्यांनी केला आहे त्यांना हे नवीन नाही. ब्रिटनमध्ये ताठरतेच्या त्रासातल्या ५५ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या शेवटी ४० टक्के जणांची ताठरता पूर्ववत झाली. शीघ्रपतनातही याचा उपयोग होतो.

स्नायू ओळखण्यासाठी वारा रोखल्यासारखं आणि त्याच वेळी लघवी मधेच थांबवल्यासारखं आत ओढा. लिंगाचं मूळ किंचित आत गेलं आणि अंडकोष वर उचलले गेले तर बरोबर जमलं. पोट, नितंब, मांड्या सैल हव्यात आणि श्वास चालू. आता

१. पाच सेकंद आवळून धरा, पाच सेकंद पूर्ण सैल सोडा. दहा वेळा.
२. मग दहा वेळा झटपट आवळा-सोडा.
३. हे सकाळी झोपून, दुपारी बसून, रात्री उभं राहून. पंधरा दिवसांनी पाचाचे सात, महिन्याभराने दहा सेकंद.

सैल सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं. लघवी करताना हा सराव रोज करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. ओटीपोटात किंवा वीर्य पडताना दुखत असेल तर हा व्यायाम त्रास वाढवू शकतो, आधी तपासणी. फरक दिसायला तीन महिने लागतात. एसटीत बसून केला तरी शेजारच्याला कळत नाही, त्यामुळे वेळ मिळत नाही ही सबब इथं चालत नाही.

सातवी पायरी: झोप

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेत तयार होतं. तरुण, निरोगी मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन दिवसा १० ते १५ टक्क्यांनी घटलं, असं २०११ च्या एका अभ्यासात आढळलं. आपल्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की दारं धरायला जावं लागतं, आणि गळीत हंगामात कारखान्यात रात्रपाळी. ते टळत नाही. पण त्या आठवड्यात दुपारी अंधाऱ्या खोलीत सलग झोपता येतं, आणि उरलेल्या आठवड्यात रात्री बारापर्यंत मोबाइल बघणं टाळता येतं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा पेंग येणं हा वेगळा आजार आहे आणि त्याचा ताठरतेशी संबंध आहे. ही लक्षणं बायकोला विचारा, स्वतःला कळत नाहीत.

मूल हवं असणाऱ्यांसाठी

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला जवळपास तीन महिने लागतात. म्हणून आज सुधारलेलं खाणं तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत दिसतं. पंधरा दिवसांत पुन्हा तपासून निराश होऊ नका. अंडकोष शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावे लागतात. गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे, बॉयलरजवळ किंवा ट्रकच्या केबिनमध्ये तासन्‌तास काम असेल तर मधेमधे उठा, सैल सुती कपडे घाला. काही कीटकनाशकांचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो. द्राक्षबागेत फवारणी करताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि घरी आल्याबरोबर अंघोळ.

सगळ्यात मोठं नुकसान करतात जिमच्या कोपऱ्यात मिळणारी इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं स्टेरॉइड आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो अंडकोषांना काम थांबवायला सांगतो. दंड फुगतात, अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर भरून यायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. हे डॉक्टरने दिलेल्या टेस्टोस्टेरॉनलाही लागू आहे, म्हणून मूल हवं आहे हे त्यांना आधी सांगा.

आणि "लंगोटाचा पक्का" राहिलं नाही तर ताकद जाते, या समजुतीबद्दल. वीर्य सतत तयार होत असतं, ते साठवून शक्ती साठत नाही. स्वप्नदोषाने किंवा हस्तमैथुनाने नपुंसकता येत नाही, हाडं पोकळ होत नाहीत. नसबंदीनेही ताठरता जात नाही. या भीतीपोटी झिजणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना झालेलं असतं काहीच नाही, भीती तेवढी खरी असते.

चूर्णं, पावडरी आणि स्टँडवरच्या जाहिराती

लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंती रंगलेल्या असतातच. अश्वगंधेवर काही लहान अभ्यास झाले आहेत आणि थोडा फायदा दिसला आहे, पण काहींना तिने यकृताचा त्रासही झाला आहे. शिलाजित, मुसळी यांचा पुरावा त्याहून पातळ. खरी भीती भेसळीची. "शंभर टक्के वनस्पती" लिहिलेल्या पुडीने तासाभरात असर केला, तर त्यात बहुधा सिल्डेनाफिल मिसळलेलं आहे असं समजा, आणि किती ते कोणालाच माहीत नाही.

डॉक्टरकडे कधी, आणि काय बोलायचं

तीन महिने त्रास सुरू असेल, लिंग वाकडं होऊन दुखत असेल, लघवीची धार बदलली असेल, किंवा छातीत दुखत असेल तर चालणं आणि पालेभाजीवर थांबू नका. आधी नेहमीचा एमबीबीएस किंवा फिजिशियन, मग गरजेप्रमाणे मूत्ररोगतज्ज्ञ. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. आत गेल्यावर अशक्तपणा, कंबर वगैरे वळसे घेऊ नका. "मला संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, सहा महिने झाले," हे एक वाक्य घरून ठरवून जा. शक्य असेल तर बायकोला सोबत न्या. तिला आधीच माहीत असतं, आणि तिला वाटत असतं की दोष तिचा.

बीपीच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते. त्या स्वतः बंद करू नका, बदलून मिळतात. सिल्डेनाफिलसारखी गोळी डॉक्टरने दिली तर ती उपाशीपोटी, तासभर आधी, आणि इच्छा नसेल तर ती काही करत नाही. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्याला चालू आहे, त्याने सिल्डेनाफिल कधीच घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल. सिल्डेनाफिल घेतल्यावर छातीत दुखलं तर दवाखान्यात ती घेतल्याचं पहिल्यांदा सांगा. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

सुरुवातीची मापं वहीत लिहून ठेवा: कंबर, वजन, बीपी, एचबीए१सी, पहाटेची ताठरता आठवड्यात किती दिवस. तीन महिन्यांनी सगळी पुन्हा घ्या. कंबर उतरली आणि ताठरता तशीच राहिली तरी आणखी तीन महिने चालू ठेवा. रक्तवाहिन्या पोटापेक्षा सावकाश सुधारतात. सहा महिन्यांनीही फरक नसेल तर मूत्ररोगतज्ज्ञ लिंगाच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर सोनोग्राफी सुचवू शकतात. तिकडे जाताना वही, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. मेव्हण्याने आणून दिलेली चूर्णाची डबीसुद्धा.